मदत हवी आहे: ट्रेकमध्ये कुणाचं हृदय बंद पडलं तर वरच काय करायचं?

आम्ही भांडुपचे दहा-बाराजण, बहुतेक एकाच सोसायटीतले. मागच्या महिन्यात कळसूबाईला गेलो. शनिवारी ऑफिस उरकून ठाण्याहून शेवटची कसारा लोकल, तिथून जीप, पायथ्याच्या बारी गावात चहा-पोहे आणि अंधारातच चढाई. झोप म्हणाल तर जीपमधल्या डुलक्या.

शिडीच्या अलीकडे आमच्यातले एक काका (५२, बीपीची गोळी चालू) मटकन खाली बसले. अर्धा तास "पित्त झालंय रे, जळजळतंय" म्हणत होते. पित्ताची गोळी मीच दिली होती. मग मान टाकली. घोरल्यासारखा आवाज येत होता, म्हणून श्वास चालू आहे असं समजलो. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. सरबतवाल्या मावशींनी टपरीची ताडपत्री सोडून दिली, तिच्यात घालून खाली आणलं. दीड तास लागला. डॉक्टर म्हणाले, वरच संपलं होतं.

आता हरिश्चंद्रगड ठरलाय. बाबाही (५८) येतो म्हणतात. त्यांचा ईसीजी नॉर्मल आहे, तेवढा पुरे का? सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबत राहणं) किती वेळ द्यायचा, की आधी उतरवायचं? एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं छोटं मशीन) ग्रुपने घ्यावं का? "या वयात कशाला जाता" हे उत्तर कृपया नको, ते आई रोज देते.

प्रतिसाद

मी आयसीयूत नर्स आहे, ट्रेकही करते. ते घोरणं म्हणजे श्वास नव्हता. हृदय थांबल्यावरही थोडा वेळ असे आचके येतात आणि सगळे तिथेच फसतात. हाक मारून, खांदे हलवून माणूस जागचा हलत नाही, श्वास धड नाही, की सपाट जागी उताणं झोपवायचं आणि छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदला, चढून दमलेले हात लवकर ढिले पडतात. दुसऱ्याने रेंज शोधून १०८ किंवा ११२ लावायचा. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, त्यामुळे ताडपत्रीतून उतरवणं नंतर.

एईडी घ्या, झटका द्यायचा की नाही ते मशीनच ठरवतं. फक्त पट्ट्या लावण्याआधी घामाने भिजलेली छाती पुसा. पण त्याआधी सगळे सीपीआर शिका. मशीन सॅकमधून काढेपर्यंत दाबणार कोण?

बाबांचा ईसीजी आडवं झोपवून काढलेला. चढताना काय होतं ते त्यातून कळेलच असं नाही. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, टीएमटीबद्दल (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) विचारा. तीही नॉर्मल आली म्हणजे हमी मिळाली असं नाही. आणि कळसूबाई १६४६ मीटर, तिथे विरळ हवेला फारसा दोष देता येत नाही. आठवडाभर खुर्ची, रात्रभर जागरण आणि एकदम चढ, हे मला जास्त खटकतं. आल्प्समध्येही डोंगरात फिरताना असे मृत्यू पहिल्याच दिवशी जास्त दिसलेत.

धागाकर्ता

ताई, ते पित्त म्हणाले तेव्हाच थांबलो असतो तर?

प्रतिसाद

वाचले असते का, ते कुणीच सांगू शकत नाही. पण चढताना छातीत जळजळ आणि घाम, की चढाई तिथेच बंद. बसवायचं, चालवायचं नाही, मदत बोलवायची. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन चावायला द्यायची. पित्ताची गोळी तुम्ही चांगल्या मनानेच दिलीत.

धागाकर्ता

आदल्या रात्री गडाच्या पायथ्याशी पाचनईत झोपणार, नाश्ता करून निघणार. बाबांची टीएमटी गुरुवारी आहे. सीपीआर शिकवायला रविवारी सोसायटीच्या गच्चीवर येऊ शकाल का?