झाडीपट्टीच्या नाटकातल्या पैलवानाचं करिअर बरोबर बसते का? मदत पायजे

झाडीचा_नाटकवाला

रामराम मंडळी. मी ब्रम्हपुरीकडचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. दिवाळीनंतरच्या मंडईले (गावच्या जत्रेले) आमच्या गावचे पोट्टे नाटक बसवून रायले, लिहायचं काम माह्याकडं आलं. हिरो पैलवान हाये, नाव नथ्थू, सगळा काल्पनिक. आतापर्यंत असं लिहलं की नथ्थूचा जन्म 1935 चा, बाप मालगुजाराच्या (गावच्या जमीनदाराच्या) वाड्यावर कामाले, मालगुजारच पोट्ट्याले दूध-तूप पुरवते अन् आखाड्यात धाडते. मग 1955 मध्ये नथ्थू महाराष्ट्र केसरी होते, गडचिरोली जिल्ह्यात गावोगाव मिरवणूक निघते, आणि तिसऱ्या अंकात पैशासाठी तो त्याच मालगुजाराचा गुंड होऊन गरिबायले मारत सुटते अन् शेवटी मरते. पहिले दोन अंक झरझर लिहून झाले पण तिसरा मनाले पटूनच नाही रायला. आमच्या आज्यानं लहानपणी ज्या पैलवानाच्या गोष्टी सांगितल्या तो माणूस असा नव्हता हो, मले त्याच्यावर अन्याय नाही करायचा. ज्यायले कुस्तीतलं कळते त्यायनं सांगा, कुठं चुकलो?

निवृत्त_मास्तर_चंद्रपूर

लेखकराव, विषय फार चांगला घेतला, पण सनावळी आधी दुरुस्त करा, आपल्याकडचा प्रेक्षक रात्रभर जागून नाटक पाहतो आणि त्यात म्हातारे असतात, त्यांना हे सगळं माहीत असतं. 1955 मध्ये महाराष्ट्र राज्यच नव्हतं! आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. महाराष्ट्र केसरी सुरू झाली 1961 ला, औरंगाबादेत, आणि पहिला मान दिनकर दह्यारींचा, तो नथ्थूला देता येणार नाही. गडचिरोली जिल्हाही 1982 चा, त्याआधी सगळा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही हातातली सोडली. मालगुजारी 1951 मध्ये गेली. म्हणजे नथ्थू तेव्हा 16 वर्षांचा, अंगात ताकद भरायच्या वयाचा, आणि नेमका तेव्हाच त्याचा खुराक बंद! कोल्हापूरला शाहू महाराजांनी पैलवान सांभाळले, खासबाग मैदान बांधलं, तसा राजाश्रय आपल्याकडे नव्हता, इथे मालगुजार नाहीतर गावची वर्गणी. तेव्हा गुंड करायची गरजच काय, तुमचा दुसरा अंक इथूनच उभा राहतो.

अंबानगरी_आखाडा

मास्तरांचं एकदम बरोबर. भाऊ, म्या स्वतः सहा वर्षं लंगोट बांधला हाये म्हणून सांगतो. नथ्थूले 1951 नंतर अमरावतीले पाठव, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून हाये, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकले त्यायचा चमू आपले देशी खेळ दाखवाले गेला होता, खेड्यातला पोट्टा तिथं पोचला की त्याचे डोळेच उघडतीन.

अन् कुस्ती दाखवजो तर नीट दाखवजो. गावच्या मातीत चीत केल्याशिवाय निकाल नाही, गुण नाही, घड्याळ नाही, पाय मातीत रुतते अन् अंगाले माती लावली की पकड बसते. मॅटवर बूट घालून उतरा लागते, पाठ न टेकताही माणूस गुणावर हरते. खाशाबा जाधव 1948 ले लंडनले पहिल्यांदा मॅटवर खेळले, सहावे आले, अन् चारच वर्षांत हेलसिंकीले ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल! नथ्थूले पेपरात ती बातमी वाचू दे. मंग तो स्वतः मॅटवर उतरते अन् ज्यायले त्यानं मातीत दहा वेळा लोळवलं त्यायच्याच हातून गुणावर हरते, पाठ टेकली नाही अन् तरी पंचानं दुसऱ्याचा हात वर केला, हे त्याले पचतच नाही. तुह्या नाटकात माणूस मेल्यापेक्षा हे जास्त लागते पाह्य.

अजून एक, कान विसरू नको. माह्या मोठेबाबांचा उजवा कान फुटला होता, घासून घासून आत रक्त साचते, वेळेवर काढलं नाही तर तसंच घट्ट होऊन जाते, सुपारीसारखं. म्हातारपणी मोबाईल आला तर त्या कानाले तो बसेच नाही, फोन नेहमी डाव्या कानाले. पण आखाड्यात कोणी नवीन पोट्टा आला की ते त्याचा हात धरून आपल्या कानाले लावत, म्हणत हे पाह्य, ही माही कमाई. मेकअपवाल्याले सांग, कान पहिल्या अंकात चांगला अन् दुसऱ्या अंकात फुटलेला.

वडशाची_कलाकार

दादा, मी बऱ्याच सीझनपासून झाडीपट्टीत काम करते, स्टेजचं सांगते. फळ्यांवर माणूस आपटला की नुसता धाडकन आवाज येते अन् कलाकाराची कंबर जाते. खाली तणस (धानाचं वाळलं गवत) पसरा, वर ताडपत्री, तिच्यावर लाल माती, पाणी मारून घ्या नाहीतर पहिल्या रांगेतल्या बायांच्या डोळ्यात जाते. कुस्तीले तबला वाजू द्या पण ऑर्गन पूर्ण बंद, शड्डूचा आवाज मोकळा ऐकू आला पायजे.

अन् तुमच्या नाटकात आई कुठं हाये? मालगुजाराचं दूध बंद झालं तर त्या घरात पहिलं कोणाले कळलं असन? तिलेच ना. रोज गडवाभर दूध यायचं, एक दिवस रिकामा गडवा वापस आला. ती तो घासते, तोंड आतून पुसते अन् जाग्यावर ठेवते, नथ्थूले काहीच सांगत नाही. संवाद नको तिथं. ही भूमिका मले दिली तर मी मानधन नाही घेणार, खरंच सांगते.

झाडीचा_नाटकवाला

ताई, वाचता वाचता डोळे भरून आले. आई येऊन रायली नाटकात, अन् ती भूमिका तुमचीच, पण मानधन घ्याच लागन. मास्तर, तुमच्यामुळं गावात लाज वाचली.

काल रातभर बसून तिसरा अंक फाडला, नवा लिहला. गुंडगिरी काढली. 1961 ले नथ्थू औरंगाबादेत हरते अन् गावाले येते, धानाच्या रोवण्याचे दिवस, तो चिखलात परे (धानाची रोपं) लावून रायला. बांधावर दोन लहान पोट्टे एका नारळासाठी झोंबी घेते, एकाचा पाय चुकीचा पडते. नथ्थू हातातली पेंढी खाली ठेवते, चिखलानं भरल्या हातानं त्याचा पाय धरून जाग्यावर ठेवते अन् म्हणते, "आता वढ." पडदा.

अंबानगरीवाले भाऊ, एकेरी पट अन् ढाक हे दोन डाव आमच्या पोट्ट्यायले शिकवाले दोन दिवस येता का? जायचायायचा खर्च अन् जेवण आमच्याकडं.

अंबानगरी_आखाडा

येतो ना भाऊ. माती चाळून ठेवजा, गोटा रायला नाही पायजे.