आठ दिवसांत न्यूयॉर्क, नायगारा आणि शिवाय सॅन फ्रान्सिस्को?

आठ दिवसांत दोन्ही किनारे उरकायचा बेत सोडा बुवा. न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को विमानाचेच सहा तास, वर घड्याळात तीन तासांचा फरक. त्यापेक्षा न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन करा. तिन्ही शहरं अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वेच्या, म्हणजे अ‍ॅमट्रॅकच्या एकाच मार्गावर आहेत. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टन साडेतीन तासांत. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, पार्किंगची कटकट नाही. फिलाडेल्फियात तडा गेलेली लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा पाहून संध्याकाळची ट्रेन पकडता येते. वॉशिंग्टनला मात्र वेळ द्यायला हात आखडता घेऊ नका: स्मिथसोनियन संस्थेची संग्रहालयं फुकट, आणि राइट बंधूंचं १९०३चं खरंखुरं विमान तिथेच आहे. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरीबोटही फुकट. जाताना उजव्या बाजूला उभे राहा, लिबर्टीचा पुतळा छान दिसतो. नायगारा न्यूयॉर्कपासून साडेसहाशे किलोमीटरवर आहे, घरच्यांचा हट्टच असेल तर जवळच्या बफेलो शहरापर्यंत विमानाने जा.