आवडत्या वाक्यांची चित्रवही : तुम्हांला पान कुठे सुचतं?

मांडवीकाठची (पणजी)

शाळेत सुविचारांची वही बहुतेकांनी केली असेल. फळ्यावरचं वाक्य उतरवायचं, समास आखायचा, कोपऱ्यात एखादं फूल काढायचं. तीच वही मी आता नव्याने करते आहे. हाताने शिवलेली, आणि आधी पान रंगवून मग वाक्य लिहायचं अशी. वाक्यांना तोटा नाही, घोडं अडतं ते पानापाशी. नेटवर तयार नमुने ढिगाने मिळतात, पण ते बघून केलेलं पान मला आपलं वाटत नाही. वाक्य जिथे भेटलं तिथलंच काहीतरी पानावर यावं, असं माझं मत होत चाललंय.

पणजीतल्या फोंतेंयश या जुन्या वस्तीत एका सोप्यावर बसून वाचलेलं वाक्य मी तिथल्या भिंतीच्या पिवळ्यावर लिहिलं. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात ना, तसे बटर पेपरचे चौकोन कापून वाक्यावर एका कडेने चिकटवले. अक्षरं आधी अंधूक दिसतात, चौकोन उचलला की लख्ख.

तुम्ही कुठे बघता, कशावर लिहिता? सविस्तर लिहा. गोव्याबाहेरच्यांनीही लिहा.

रानजाई (डिचोली)

माझा सगळा ओढा कावीकडे. गोवा-कोकणातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून बघायला मिळते. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोनच, पण वेली, पक्षी, देवादिक सगळं त्यात येतं.

कागदावर मी ते असं करते. जाड कागदावर पांढरा मेणाचा खडू दाबून घासायचा, कुठेही जागा सोडायची नाही. तांबड्या पोस्टर कलरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर मेणावर रंग धरत नाही. दोन हात द्यायचे, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग दाभणाने कोरायला घ्यायचं. आधी पट्टी धरून शिरोरेषा ओढून घेते, मग अक्षरं खाली सोडते, म्हणजे ओळ वर-खाली होत नाही. लांबलचक वाक्य इथे चालत नाही. पाच-सहा शब्दांचं, ठसठशीत असेल तरच कोरण्यात मजा.

चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधली की मी वही घेऊन खालीच बसते. नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, कुठली कुठली रानफळं लाकडी चौकटीला टांगलेली. माझ्या वहीतल्या निम्म्या चौकटी तिथूनच आल्यात. वाक्य मध्ये, आणि वरच्या कडेने फळं लोंबतायत.

जुनी पानं (मडगाव)

चित्राइतकीच वाक्याच्या मालकाची काळजी घ्या, ही कळकळीची विनंती. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या वाक्यांखाली कुणाचंही नाव चिकटवलेलं असतं. एकच वाक्य सकाळी एका संताचं आणि संध्याकाळी एका शास्त्रज्ञाचं. मूळ पुस्तकात ओळ डोळ्यांनी बघेपर्यंत मी नाव पेन्सिलीने लिहितो. सापडली की शाईने गिरवतो आणि खाली पृष्ठ क्रमांक घालतो.

यासाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय माझं हक्काचं ठिकाण. त्याची सुरुवात १८३२ ची. एक ओळ शोधायला जावं आणि आजूबाजूची दहा पानं वाचून यावं, असंच तिथे होतं. पुढचं वाक्य बहुधा त्या दहा पानांतच सापडतं.

चौकडी (वाळपई)

माझ्या वहीत नावाजलेल्या माणसाचं एकही वाक्य नाही. सगळी आमच्या आजीची आहेत, दोन-चार शेजारच्या मावशींची. आजी कधी उपदेश म्हणून बोलली नाही, काम करता करता बोलायची. भात वारवताना एकदा म्हणाली, ‘वारा आपला नसता, सूप आपलां असतां.’ मी तिथल्या तिथे तळहातावर लिहून घेतलं.

ते पान करायला मला फार वेळ लागला, कारण सूप काढलं की ते पाठ्यपुस्तकातलं चित्र दिसायचं. शेवटी तिच्या कपाटातलं जुनं कुणबी लुगडं समोर पसरलं. लाल रंग, त्यावर बारीक पांढरी चौकट, काठाला धागे दाट. तेवढीच चौकट रेघ रेघ मोजून पानावर उतरवली आणि मधल्या रिकाम्या पट्टीत वाक्य घातलं. सूप काढलंच नाही. आजीने पानावर बोट फिरवून काठ ओळखला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘ह्यां मी कधी म्हटलां?’

प्रत्येक पानामागे मी लिहून ठेवते, ती तेव्हा काय करत होती, कोण कोण होतं, पाऊस होता का. ज्यांच्या घरात अशी माणसं आहेत त्यांनी आधी त्यांची वाक्यं उतरवून घ्या. पुस्तकातली कुठे जात नाहीत.

मांडवीकाठची

चौकडीताई, हे वाचून मी लगेच आईला फोन लावला.

टाक आणि दौत (पर्वरी)

कलेचा विद्यार्थी आहे. रोज काय काढायचं असं वाटलं की गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) आठवतात. तरुणपणी ते चित्रांची रोजनिशी ठेवत. १९४९ ते १९५१ च्या रोजनिशा पुढे छापल्याही गेल्या. लग्न, बाजार, गावातली माणसं, जे दिसलं ते पानावर. मीही वाक्याशेजारी त्या दिवशी दिसलेलं एक माणूस काढतो. वाक्याशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही, पण पान जिवंत होतं.

लाल माती (केपें)

रंग विकत आणू नका, अंगणात आहे! जांभ्याची माती बाटलीत पाण्यात ढवळायची. जाड वाळू क्षणात तळाला बसते, तेव्हा वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी निवळ काढून टाकली की खाली लोण्यासारखा गाळ उरतो. तो वाळवून, बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि मधाचा थेंब घालून खलायचा. हा लोहाचा रंग, उन्हात उडत नाही. हळद आणि कोकम पानावर सुंदर दिसतात, पण टिकत नाहीत.

नवी वही (वास्को)

मी आत्ताच सुरुवात करतेय. रंग लावला की पान वाकडं होतं आणि पावसात वहीला बुरशी येते. काय करू?

खळ-दाभण (फोंडा)

बाय, पाणी लावायचं असेल तर ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद घे, नुसत्या लिखाणाला १२० पुरे. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ. ज्या बाजूने सहज वाकतो तीच घडी पुठ्ठ्याच्या कण्याला समांतर यायला हवी, मग वही नीट उघडते. चार-चार ताव एकात एक दुमडून फर्मे (शिवायच्या जुड्या) कर, दोरा मेणावरून ओढून घे, दाभणाने भोकं पाडून शिव. खळीत जुने बाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात, त्याने कीड-बुरशी लांब राहते. पण ते विष आहे. खळ लहान मुलांपासून दूर ठेव आणि हात धू.

जून ते सप्टेंबर वही भिंतीला लागून ठेवू नकोस. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, आणि रंगवलेलं पान पुरतं वाळल्याशिवाय मिटू नकोस. पुठ्ठ्याचं माप सांग, फर्मे किती लागतील ते कळवतो.