आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, पहाटेचा चहा आणि शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं?

खारेगावकर:
नमस्कार मंडळी, आईचं (वय 64) पित्ताच्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, ठाण्यातच. शुगर, बीपी दोन्ही आहे, रक्त पातळ ठेवायची इकोस्प्रिन पण चालू आहे. हॉस्पिटलने कागद दिलाय त्यावर रात्री 12 नंतर काही खायचं-प्यायचं नाही एवढंच लिहिलंय, गोळ्यांचं कुणी बोललंच नाही, फोन केला की डॉक्टर राउंडला आहेत. त्यात आईला पहाटे पाचला चहा लागतोच, म्हणते अर्ध्या कपाने काय होतंय, आणि मावशी तिचीच री ओढते. कसं समजावू? घरी आणल्यावर काय बघायचं तेही सांगा प्लीज.

सिस्टर_वाशी:
चहा अजिबात नाही हो. दुधाचा चहा म्हणजे खाण्यातच धरतात, सहा तास आधी बंद. साधं पाणी बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं पण ते भूलतज्ज्ञांनी सांगितलं तरच, शुगरवाल्यांचं पोट कधी कधी उशिरा रिकामं होतं. आईंना कारण सांगा, नुसतं नाही म्हणू नका. भूल दिली की ठसका लागायची ताकद जाते, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मी बरीच वर्षं होते, टेबलावर घ्यायच्या आधी विचारलं की पेशंट नातेवाइकांच्या तोंडाकडे बघत "काही नाही घेतलं" म्हणायचे. घेतला असेल तर सांगून टाका, केस पुढे ढकलतील, बाकी काही नाही.

गोळ्यांसाठी रिसेप्शनशी बोलून उपयोग नाही, भूलतज्ज्ञांची तपासणी कधी आहे ते विचारा आणि नसेल ठरली तर मागून घ्या. सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून न्या, काढे-चूर्ण पण. शुगरच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलंय का आजच बघा, ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी राहिल्यावर शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात. बीपीच्या काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर देतात, टेल्मिसार्टनसारख्या बऱ्याचदा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी देत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळीचं नाव घेऊन विचारायचं. इकोस्प्रिन मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही.

नौपाडेकर:
ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी घरी आणल्यानंतरचं सांगते. सासूबाईंचं हेच झालं तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता आणि आम्ही सगळे घाबरलो, हार्टचं काही आहे की काय. पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याने तसं होतं, चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीत दाबल्यासारखं झालं किंवा दम लागला तर गॅस म्हणून सोडून देऊ नका हां. येताना गाडीत एक उशी ठेवा, घोडबंदरच्या खड्ड्यांत ती पोटाशी धरून बसल्या म्हणून निभावलं. खोकतानाही तीच उशी. तीन बॉलचं फुंकणीसारखं यंत्र देतात ना, त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून बॉल वर न्यायचे, त्या उलटंच करत होत्या. जेवणात वरण-भात, मऊ खिचडी, तेल-तूप बेताने सुरू केलं, भजी मागितली की जुलाब व्हायचे.

खारेगावकर:
सिस्टर, पाकीट उलटं करून बघितलं, पुढे मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि मागे बारीक मेटफॉर्मिन अधिक डापाग्लिफ्लोझिन! आम्ही त्याला मेटफॉर्मिनच समजत होतो. शुगरच्या डॉक्टरांना फोटो पाठवून फोन केला, उद्यापासून बंद, त्याऐवजी दुसरी लिहून दिलीय, आणि भूलतज्ज्ञांची वेळ पण मिळाली. आईला फुप्फुसाचं सांगितलं तर गप्पच झाली, मावशीला तिनेच फोन करून सांगितलं.

सिस्टर_वाशी:
छान केलंत. भूलतज्ज्ञांना हा बदल सांगा, आणि कवळी असेल तर तेही, मंगळसूत्र-बांगड्या घरीच काढून ठेवा. घरी आणल्यावर ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली, सारख्या उलट्या किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर फॉलोअपची तारीख बघत बसू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या. डिस्चार्ज घेताना वॉर्डमध्येच रात्रीचा नंबर लिहून घ्या.