फोंड्याचा फ्लॅट ठेवून पर्वरीत दुसरा, डाउन पेमेंट कमी, जमेल का?

पावसाळी_फोंडा:
नमस्कार मंडळी, ऑगस्ट 2021 मध्ये फोंड्यात 28 लाखांचा वन बीएचके घेतला, लोन चालूच आहे, आता मुलगी मोठी झाली आणि बायकोची नोकरी पणजीत म्हणून पर्वरीला 70 लाखांचा टू बीएचके बघतोय. अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो की तिकडे स्वतः राहायचं असेल तर 3-5 टक्के भरून घर मिळतं, वर्षभर राहायचं, मग ते भाड्याने देऊन पुढचं तसंच घ्यायचं. आपल्याकडे होतं का असं? हाताशी 9 लाख आहेत.

मांडवीकाठ:
5 टक्क्यांत नाही होणार बाब. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, 30 लाखांपर्यंतचं लोन किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांचं 80, त्यावर 75. म्हणजे तुम्हाला फार तर 56 लाख, 14 खिशातले, वर स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं, ते त्या किमतीत धरत नाहीत. वर्षभर राहायची अट मात्र इथे नाही. आणि कमी पडतात म्हणून पर्सनल लोन काढू नका प्लीज, माझ्या भावाने काढलं, बँकेने तोही हप्ता धरला आणि होम लोनच कमी मंजूर झालं, बुकिंगचे पैसे अडकले ते वेगळंच.

शमा_म्हापसा:
दादा, भाडेकरू गेला आणि दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला तर दोन्ही हप्ते पगारातून निघतील का ते आधी बघा, आम्हाला फार जड गेलं होतं. फोंड्याचा विकायचं ठरलंच आणि 80सीची, म्हणजे लोनच्या मुद्दलावरची आयकर सूट घेतली असेल, तर मार्च 2027 पर्यंत थांबा, ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षानंतर 5 वर्षांच्या आत विकलं की घेतलेली सूट परत उत्पन्नात धरतात. आणि लग्न गोव्यात नोंदवलंय आणि मालमत्तेचा वेगळा करार केला नाहीये ना? मग फ्लॅट दोघांचा अर्धा अर्धा, नाव कोणाचंही असो, विक्रीच्या डीडवर वहिनींची सही लागणार.

मांडवीकाठ:
बरोबर. पर्वरीच्या फ्लॅटची सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला) वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका हां.

पावसाळी_फोंडा:
खूप आभार दोघांचे. रात्री बायकोबरोबर हिशेब केला, 14 आणि वरचा खर्च नाहीच झेपत. मार्च 2027 नंतर फोंड्याचा विकून मग घेऊ, तोवर पर्वरीतच भाड्याने राहायचा विचार आहे. तिथे टू बीएचकेला सध्या भाडं किती आहे, कोणी सांगेल का?