सांगलीच्या हळदीचा स्थाननिर्देशांक कसा काढायचा?

प्रश्न (वारणाकाठ): सांगली जिल्ह्याची हळद आणि बेदाणा ही खरी बलस्थानं आहेत का, ते आकड्यांत मांडायचंय. २०१३ ची सहावी आर्थिक गणना हाताशी आहे. हिशोब कसा करू?

मिरजकर: स्थाननिर्देशांकाचं सूत्र सरळ आहे. जिल्ह्यातल्या एकूण रोजगारात त्या उद्योगाचा वाटा काढा आणि राज्यातल्या त्याच वाट्याने भागा. समजा इथे ६ टक्के, राज्यात २ टक्के, तर निर्देशांक ३. १ च्या वर म्हणजे एकवटलेला उद्योग.

अडचण वेगळीच आहे. गणनेत उद्योगांचं वर्गीकरण तीन अंकी संकेतांकांनी केलंय. मसाला दळणं १०७ मध्ये (इतर खाद्यपदार्थ) मोडतं आणि साखर कारखानेही त्यातच! म्हणजे जो आकडा फुगलेला दिसेल तो उसाचा, हळदीचा नव्हे. बेदाणा तरी १०३ मध्ये, फळप्रक्रियेत, वेगळा येतो.

वारणाकाठ: मग हळद कशी सुटी करायची?

मिरजकर: कृषी विभागाकडून तालुकानिहाय लागवड आणि बाजार समितीकडून आवक घ्या. दोन्हींची बेरीज मात्र करू नका. सांगलीच्या सौद्यात मराठवाडा, कर्नाटकातला मालही उतरतो. तिथली ताकद पेठेची आहे: अडत, गोदामं, पॉलिश, दळण. धोरण सुचवताना हाच फरक कामाला येतो.

तासगाव_शेड: गणनेत पीक उत्पादन धरलेलंच नाही, त्यामुळे द्राक्षबागेतले मजूर सुटतात. शिवाय बेदाण्याचं काम उन्हाळ्यातलं, बेदाणा सुकवण्याच्या शेडवरच्या बायका हंगामापुरत्या. एका निर्देशांकावर थांबू नका, शेडवर जाऊन हंगामी मनुष्यदिवस मोजा.