दारातली शिशाच्या पट्ट्यांची नक्षीकाच फुटलीय. दुरुस्ती की नवीन? सल्ला हवाय

उंबरा
नमस्कार मंडळी. आमच्या मुख्य दाराच्या वरच्या अर्ध्या भागात रंगीत काचांची नक्षी आहे. छोटे छोटे तुकडे राखाडी धातूच्या पट्ट्यांत बसवलेत. वाऱ्याने दार आपटलं आणि खालच्या कोपऱ्यातले तीन तुकडे गेले. एक पडलाच, दोघांना तडे. बाकी नक्षी शाबूत. काचवाला आला, उंबरठ्यावरूनच बघून म्हणाला, "हे जोडून मिळत नाही, अख्खं पॅनेल बदला." मला पटत नाहीये. असं काम कुणी करून घेतलंय का? कुठल्या कारागिराकडे जावं, त्याला काय विचारावं? सध्या भोकावर पॅकिंगची टेप मारलीय.

आळशी बोका
आतून पडदा सोडा, काम फत्ते. (गंमत हो. आमच्याकडेही अशीच काच आहे, म्हणून वाचत बसलोय.)

तावदान
कारागीर शोधण्याआधी काच कुठल्या जातीची आहे ते बघा, कारण तिथेच सगळं ठरतं.

दाराच्या समोर उभं राहून डोकं हळूहळू बाजूला न्या. खरी जोडकाच असेल तर प्रत्येक तुकड्यात प्रतिबिंब वेगळ्या कोनात हलतं, कारण तुकडे एका पातळीत कधीच नसतात. सगळीकडे एकसंध प्रतिबिंब दिसलं तर ती साधी अखंड काच, वर रंगीत फिल्म आणि चिकटवलेल्या पट्ट्या. तिथे तुकडा बदलायचा प्रश्नच नाही, काचच बदलायची.

दोन्ही बाजूंनी हात फिरवल्यावर गुळगुळीत सपाट काच लागते आणि नक्षी आत अडकल्यासारखी दिसते, असं असेल तर ती दोन काचांमध्ये सीलबंद केलेली आहे. बऱ्याच नव्या दारांत हेच असतं. ते जागेवर उघडून दुरुस्त होत नाही, युनिट बाहेर काढावंच लागतं. तुमचा काचवाला बहुधा सगळ्यांनाच असं समजून बोलतो.

आणि पट्टीवर नख दाबून बघा. शिसं मऊ असतं, वळ उठतो. जस्ताची पट्टी कडक, ती सहज उघडत नाही.

उंबरा
प्रतिबिंबं वेगवेगळी हलतात! आणि नखाचा वळ उठला. म्हणजे शिसंच. पट्ट्यांच्या कडेने पांढरी भुकटीही दिसतेय.

तावदान
मग छान. पण ती भुकटी शिशाच्या गंजाची असू शकते, ती पोटात जाता कामा नये. कोरडी घासू नका, झाडू नका, घरच्या व्हॅक्यूमने तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने टिपून फडकं टाकून द्या आणि हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर तेवढ्या उंचीपर्यंत काहीतरी आडवं लावाच.

खटाटोप
तीनच तुकडे असतील तर घरी होतं की. फुटलेली काच काढा, नवी बसवा, कडेने सिलिकॉन मारा. कशाला कारागीर?

तावदान
खटाटोपराव, सिलिकॉनवर थांबा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते शिशाला खातं. लावायचंच तर न्यूट्रल प्रकारचं लावा. पण या कामात मुळात ते लागत नाही. पट्टी आणि काच यांच्यातल्या फटीत खडूची पूड, जवसाचं तेल आणि थोडी काजळी कालवून केलेली लांबी (पुट्टी) भरतात. तिच्यामुळेच पॅनेल ताठ राहतं आणि पाणी आत येत नाही. ती निघून गेली की तुकडे खुळखुळतात.

एक तुकडा बदलायची रीत अशी. शिशाच्या पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, दोन्ही बाजूंच्या खाचांत काच बसते. घराच्या आतल्या बाजूने त्या तुकड्याभोवतीची पट्टीची पाकळी कोपऱ्यांच्या जोडापाशी हलकी कापायची, चपट्या लाकडी पट्टीने उभी करायची. फुटकी काच आणि जुनी लांबी खरवडून काढायची. नवा तुकडा हिरकणीने कापायचा, खाच ते खाच मापापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर लहान. बसवून पाकळी परत दाबायची, कोपऱ्यांना डाख (सोल्डर) द्यायचा, लांबी भरायची.

अडतं ते डाखाशी. साठ-चाळीस कथील-शिशाचा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो, पट्टीचं शिसं ३२७ ला. अंतर बरंच वाटतं, पण तापलेलं सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त रेंगाळलं की पट्टीच गळून पडते. जुन्या दारावर हात बसवायचा नसतो, आधी भंगार तुकड्यांवर करून बघा.

खटाटोप
बरं बाबा, दिली माघार.

मधली कडी
आमचं पॅनेल कारागिराने बाहेर काढून नीट केलं, म्हणून लिहिते. विचारायचे प्रश्न: पॅनेल काढणार की जागेवरच? काढण्याआधी कागद ठेवून नक्षीचा ठसा घेणार ना? लांबी भरणार की फक्त डाख? पट्टी कुठल्या धातूची वापरणार? आमच्या पहिल्या माणसाला लांबी काय तेच माहीत नव्हतं, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पॅनेल काढलं तर उभंच न्यायचं. आडवं उचललं की आपल्याच वजनाने मधून वाकतं. आणि लांबी घट्ट होईपर्यंत ते परत येत नाही, तोवर दाराला प्लायवूड लावून घ्या.

नेहमीचा काचवाला खिडक्या करतो, त्याला याचं वावडं असतं. चर्चच्या किंवा जुन्या वाड्यांच्या रंगीत काचा करणारा शोधा.

आळशी बोका
खुळखुळण्यावरून आठवलं, आमची काच मधून फुगलीय. तीही दुरुस्तीच?

तावदान
शिसं थकलंय किंवा दार सारखं आपटतं. थोडा फुगवटा असेल तर पॅनेल काढून, सपाट ठेवून, हळूहळू वजन देऊन बसवतात. जोडाजवळ पट्टीला चिरा असतील तर मात्र सगळं नव्या शिशात बांधावं लागतं, जुन्याच काचा वापरून. हातांनी ढकलून सरळ करू नका, काच तडकेल.

उंबरा
मोठ्या रंगीत काचा करणारे एक जण भेटले. ते म्हणतात, तीन तुकडेच बदलू, पॅनेल बाहेर काढून. पण रंग तंतोतंत जुळणार नाही म्हणाले. आणि दाराला टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच हवी असं शेजारी सांगतात, त्याचं काय?

तावदान
टफन्ड काच एकदा तापवून घेतली की कापता येत नाही, म्हणून एवढे छोटे तुकडे तिचे करत नाहीत. बऱ्याच देशांत दारातल्या काचेला सुरक्षेचे नियम आहेत, ते तपासा. सोपा उपाय म्हणजे नक्षीच्या एका बाजूला टफन्ड किंवा लॅमिनेटेड अखंड काच, मध्ये थोडी फट आणि हवेला वाट. बंदिस्त केलं तर आत दव साचतं.

रंगाचं म्हणाल तर पडलेल्या तुकड्याचे अवशेष टाकू नका. तेच घेऊन त्यांच्याबरोबर काच निवडायला जा आणि दोन्ही उन्हात धरून बघा, दिव्याखाली नाही. रंग उन्नीसबीस चालतो, पोत चुकला की लांबून कळतं.